सुचौचे रेशीम आणि मावळची वाकळ

आषाढ लागला की लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर पावसाची अशी झड बसते की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. अशा वेळी मावळातल्या घराघरांत ट्रंकेतली वाकळ बाहेर निघते. आजीचे लुगडे, आईची साडी, बापाचे धोतर यांची ती वाकळ पोराबाळांना ऊब देते. पण ती कोणी शिवली असे विचारले तर आपण काय सांगतो? "बाई घरी रिकामीच होती, बसली शिवत." डोळे आणि बोटे झिजवून केलेल्या कामाला आपण रिकामपणाचे काम म्हणतो! ज्या कामाला आपणच किंमत देत नाही, त्याला बाजार तरी कशी देणार?

या प्रश्नाचा विचार करताना आमची नजर चीन देशाकडे गेली. चिनी माल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे स्वस्त खेळणी आणि विजेच्या माळा येतात. परंतु त्याच देशात सुईच्या टाक्यांना नावे आहेत, त्यांच्यावर ग्रंथ आहे, त्यांच्या शाळा आहेत आणि टाके घालणाऱ्या कारागिरांना मान आहे. शिवाय या कलेचा आपल्या धम्माशी फार जुना संबंध आहे. म्हणून आज चिनी भरतकामाची ओळख करून घेऊ आणि त्या निमित्ताने आपल्या घरातल्या सुईकडेही नव्याने पाहू.

सुई भिक्खूच्या हातातही होती

सुई म्हणजे बायकांचे काम, असा एक समज आहे. तो खरा नाही. भिक्खूला ज्या आठ वस्तू जवळ ठेवता येतात त्यांना अष्टपरिक्खार म्हणतात. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरेचा पट्टा, पाणी गाळण्याचे फडके आणि सुई. घरदार, धनदौलत सोडलेल्या माणसाने सुई मात्र सोडायची नाही! कारण आपले वस्त्र आपण शिवावे, फाटले तर आपण सांधावे, ही स्वावलंबनाची शिकवण त्यात आहे.

विनयपिटकातल्या महावग्गात चीवराची हकीकत आहे. तथागतांनी मगध देशातली शेते पाहिली. बांध घातलेली, ओळीने मांडलेली ती शेते दाखवून, अशा नमुन्याचे चीवर करता येईल का, असे त्यांनी आनंदाला विचारले. आनंदाने कापडाचे तुकडे त्याच मांडणीत जोडून चीवर तयार केले. आजही भिक्खूंच्या चीवरावर ते बांध आणि ती खाचरे दिसतात. श्रावणात कार्ल्याच्या लेण्यापुढे उभे राहून खाली इंद्रायणीच्या खोऱ्याकडे पाहावे. भाताची हिरवी खाचरे आणि त्यांच्यामधले बांध पाहिले की तथागतांनी आनंदाला काय दाखवले असेल ते शब्दांवाचून कळते.

वर्षावासानंतर आपण कठीण चीवरदान करतो. हा 'कठिन' शब्दही शिवणकामातला आहे. चीवराचे कापड ताणून धरण्यासाठी जी चौकट वापरीत तिला कठिन म्हणत. भरतकाम करणाऱ्या आमच्या मुली आज जी गोल रिंग वापरतात, तिचीच ती थोरली बहीण म्हणायची.

आणि हे सारे फुकट चालत नव्हते बरे का! नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. कार्ल्याच्या संघाला, म्हणजे त्या वेळच्या वलूरक लेण्यातल्या भिक्खूंना, करजिक नावाचे गाव देणारा तो हाच. नाशिकच्या लेखात त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. व्याज दरमहा शेकडा १. म्हणजे वर्षाचे व्याज २४० कार्षापण. लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. २० गुणिले १२ म्हणजे २४०. हिशेब चोख जुळतो! जवळजवळ १९०० वर्षांपूर्वी विणकरांची श्रेणी बँकेसारखी ठेव सांभाळीत होती आणि तिचा हिशेब दगडात कोरलेला होता. कारागीर संघटित असला की राजाचा जावईसुद्धा त्याच्या दारी पैसे ठेवतो, हे आपल्या बचत गटातल्या भगिनींनी ध्यानात ठेवावे.

रेशमाची वाट, धम्माची वाट

भाजे लेणे कोरले जाऊ लागले तो काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाचा. त्याच शतकात चीनमधल्या चांगशा शहराजवळ एका सरदाराच्या पत्नीला पुरले होते. ते मावांगदुईचे थडगे १९७२ साली उकरले गेले. त्यात भरतकाम केलेली रेशमी वस्त्रे निघाली. त्यांवरचा टाका साखळीचा आहे. आपल्या शाळेत शिवणाच्या तासाला मुलींना शिकवतात तोच!

पुढे व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर रेशीम चीनमधून पश्चिमेकडे आले आणि त्याच वाटांनी धम्म भारतातून चीनकडे गेला. या वाटेवर दुनहुआंग नावाचे ठाणे आहे. तिथे डोंगरात शेकडो बौद्ध लेणी आहेत. १९०० साली तिथल्या एका लेण्यात भिंतीआड बंद केलेली खोली सापडली. १९०७ साली ऑरेल स्टाइन यांनी तिथून अनेक पोथ्या आणि चित्रे विकत घेऊन लंडनला नेली. त्यांत भरतकामाचे एक भव्य चित्र होते. ते इसवी सनाच्या आठव्या शतकातले असून आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

हे चित्र सुमारे आठ फूट उंच आणि पाच फुटांहून अधिक रुंद आहे. मध्यभागी धम्मदेशना करणारे तथागत उभे आहेत. दोन्ही बाजूंना शिष्य आणि बोधिसत्त्व आहेत. खाली दान देणारे स्त्री-पुरुष, स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला. हे सगळे रंगाने काढलेले नाही, रेशमी दोऱ्याच्या बारीक टाक्यांनी भरलेले आहे. चेहऱ्याची गोलाई, वस्त्राच्या चुण्या, सगळे टाक्यांच्या वळणातून उमटले आहे. दान देणाऱ्यांच्या आकृती कापडावर राहिल्या. भरणारे हात मात्र निनावी राहिले. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

चार घराणी

आपल्याकडे गाण्याची घराणी असतात तशी चीनमध्ये भरतकामाची चार नामवंत घराणी आहेत. सुचौ शहराचे सू, हूनान प्रांताचे श्यांग, ग्वांगदोंगचे युए आणि सिचुआनचे शू. हूनानची ख्याती वाघ-सिंहांसाठी, त्यांच्या अंगावरचा एकेक केस वेगळा दिसतो. ग्वांगदोंगमध्ये सोनेरी जर, मोर आणि रंगीबेरंगी पक्षी अधिक. आणि गंमत म्हणजे तिथे पूर्वी भरतकाम करणारे कारागीर बहुतांशी पुरुष होते. २००६ साली चीन सरकारने आपल्या सांस्कृतिक वारशाची पहिली राष्ट्रीय यादी केली, तिच्यात या चारही घराण्यांना स्थान मिळाले.

या सर्वांत नाजूक काम सुचौचे. तिथली कारागीर स्त्री रेशमाचा एक दोरा घेते आणि बोटांनी त्याचे पदर वेगळे करते. एकाचे दोन, दोनाचे चार, असे करत सोळा आणि कधी त्याहूनही अधिक. माशाचे पारदर्शक शेपूट भरायचे असेल तर असा एकच पदर सुईत ओवते. चांगल्या कामाची तिथे आठ लक्षणे सांगतात : काम सपाट हवे, कडा नेटकी हवी, टाका बारीक, दाट आणि सारखा हवा, त्याचा ओघ योग्य दिशेला हवा, रंगांचा मेळ हवा आणि वर तजेला हवा. ही आठ लक्षणे आपल्या कोणत्याही शिवणवर्गाच्या भिंतीवर लावावीत अशी आहेत.

टाके ओळखा, करून पाहा

आता टाक्यांकडे वळू. नावे चिनी असली तरी यांतले बरेच टाके आपल्या ओळखीचे निघतील.

साखळी टाका : सुई वर काढून दोऱ्याचा फास करायचा, त्याच भोकाजवळ सुई खाली घालून फासाच्या आतून वर काढायची. सर्वांत जुना आणि मजबूत टाका.

दुभंग टाका : एक छोटा टाका घालायचा आणि पुढच्या वेळी सुई त्या टाक्याच्या दोऱ्याच्या मधोमध, दोरा फोडून वर काढायची. रेघ अखंड आणि बारीक दिसते. दुनहुआंगचे तथागत मुख्यतः याच टाक्याने भरले आहेत.

भरीव टाका : पानाच्या किंवा पाकळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत शेजारी शेजारी सरळ टाके. दोन टाक्यांत फट दिसू नये आणि एकावर एक चढूही नये.

लांब-आखूड टाका : एक टाका लांब, एक आखूड. पुढच्या ओळीत रंग किंचित बदलायचा. गडद रंग फिक्यात कुठे मिसळला ते डोळ्यांना कळत नाही. फुले, पक्षी आणि चेहरे यासाठी हाच टाका.

गाठीचा टाका : सुई वर काढून दोऱ्याचा एक वेढा सुईला द्यायचा, दोरा ताणून धरायचा आणि अगदी लगत सुई खाली घालायची. मोहरीएवढी गाठ बसते. फुलातला पराग यानेच भरतात.

जर बसवणे : जरीची जाड तार कापडातून ओढत नाहीत. ती वर मांडून बारीक रेशमी टाक्यांनी जागोजाग बांधतात.

सुचौची सर्वांत अवघड करामत म्हणजे दुहेरी भरतकाम. तलम कापडावर मांजर भरले तर दोन्ही बाजूंनी ते सारखेच दिसते, उलटी बाजूच नाही! त्यासाठी गाठ मारायची नाही. दोऱ्याचे टोक टाक्यांखाली दडवायचे आणि सुई नेहमी सरळ उभी घालायची, म्हणजे मागचे आधीचे टाके दुखावत नाहीत.

सुरुवात करणाऱ्या मुलींनी पांढऱ्या सुती कापडावर पिंपळाचे एक पान घ्यावे. कड दुभंग टाक्याने, आतला भाग दोन हिरव्या रंगांत लांब-आखूड टाक्याने, शिरा पुन्हा दुभंग टाक्याने. वर्षावासात रोज अर्धा तास दिला तर बोधिवृक्षाचे पान घरच्या भिंतीवर लागेल.

आणखी एक. तिन्हीसांजेला सुई देऊ नये, अमावस्येला शिवू नये, असल्या समजुती अजून काही घरांत आहेत. त्या सोडून द्याव्यात. मात्र अपुऱ्या उजेडात बारीक काम करू नये, हे खरे. त्याचे कारण डोळे आहेत, अमावस्या नव्हे. आमच्याकडच्या दमट हवेत सुई गंजते आणि गंजलेली सुई कापडाला डाग पाडते, म्हणून ती कोरड्या डबीत ठेवावी.

मुंबईचा गारा

ही चिनी कला आपल्या महाराष्ट्रातही आली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी चीनच्या कँटन बंदरात, म्हणजे ग्वांगदोंगमध्ये, व्यापार करीत. येताना घरच्या स्त्रियांसाठी भरतकाम केलेले रेशीम आणीत. त्यातून पारशी 'गारा' साडी जन्मली. जांभळ्या, काळ्या, लाल रेशमावर पांढरे करकोचे, पेओनीची फुले, पूल आणि पॅगोडे. भरीव टाका आणि गाठीचा टाका यांची त्यात रेलचेल असते. खंडाळा-लोणावळ्याच्या जुन्या पारशी बंगल्यांत काम केलेल्या आमच्या एखाद्या मावशीने अशी साडी हाताळलीही असेल. पुढे सुरत-मुंबईकडच्या कारागिरांनी हे भरतकाम आत्मसात केले.

पण इतिहास पूर्ण सांगायचा तर हेही सांगितले पाहिजे की त्या व्यापारात माळव्याची अफू मुंबईहून चीनला जात होती. चीनचे असंख्य गरीब त्या अफूने नासले. रेशमाची सुंदर साडी पाहताना तिच्यामागे कोणाचा घाम आणि कोणाचे दुःख आहे, हे विचारण्याची सवय बाबासाहेबांनी आपल्याला लावली आहे.

तरीही पारशी समाजाकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आपली कला लोप पावते आहे असे दिसताच त्यांनी १९९९ साली युनेस्कोच्या साहाय्याने पारझोर नावाचा प्रकल्प सुरू केला, जुन्या साड्यांचा अभ्यास केला, टाक्यांची नोंद केली आणि नव्या कारागिरांना शिकवले. संख्येने लहान समाज, पण नोंद ठेवण्यात मोठा!

शेन शौ यांचा ग्रंथ

नोंदीचे महत्त्व ज्या बाईने सर्वांत चांगले ओळखले, ती सुचौचीच. शेन शौ यांचा जन्म १८७४ चा. लहानपणापासून हातात सुई. १९०४ साली त्यांचे काम चीनच्या राजमातेपर्यंत पोहोचले आणि 'शौ', म्हणजे दीर्घायुष्य, हे अक्षर त्यांना नाव म्हणून मिळाले. जपानला जाऊन त्यांनी तिथली कला पाहिली आणि चेहऱ्यावरचा उजेड व सावली टाक्यांत पकडायची रीत बसवली. इटलीच्या राणीचे त्यांनी भरलेले चित्र १९११ साली तुरीनच्या प्रदर्शनात गाजले.

परंतु आम्हाला त्यांचे मोठेपण राजमातेच्या शाबासकीत दिसत नाही. १९१४ साली नानतोंग शहरात चांग च्येन या उद्योजकाने मुलींसाठी भरतकामाची शाळा काढली आणि शेन शौ तिच्या प्रमुख झाल्या. पुढे त्या आजारी पडल्या. आपल्याबरोबर आपली विद्या जाऊ नये म्हणून त्या अंथरुणावरून सांगत गेल्या आणि चांग च्येन लिहीत गेले. चौकट कशी बांधावी, सुई कशी धरावी, अठरा प्रकारचे टाके कसे घालावेत, सगळे त्यात आले. १९१९ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२१ साली शेन शौ गेल्या, टाके राहिले.

विद्या जोपर्यंत फक्त हातात असते तोपर्यंत ती हाताबरोबर जाते. कागदावर आली की ती समाजाची होते. ज्या समाजाला शेकडो वर्षे अक्षरापासून दूर ठेवले, त्याला हे वेगळे सांगायला नको.

आपल्या वाकळेचा हिशेब

आता आपल्या घरी येऊ. आमच्या आया-मावशांची वाकळ काही कमी विद्येची नाही. जुने कापड कुठे विरले, कुठे टिकेल, हे त्या बोटाने ओळखतात. विरलेला भाग आत, मजबूत भाग वर. थर जमिनीवर पसरून सुरकुती काढायची. मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत मध्याकडे यायचे, म्हणजे आतले थर सरकत नाहीत. ठिगळांचे रंग जुळवायचे. सुचौच्या आठ लक्षणांपैकी सारखा टाका, नेटकी कड, योग्य दिशा, रंगांचा मेळ ही लक्षणे इथेही आहेत. फरक इतकाच की तिथे ग्रंथ आहे, इथे "बाई रिकामी होती."

याचा परिणाम खिशावर होतो. पर्यटकांना हाताने शिवलेल्या गोधडीचे अप्रूप असते आणि दुकानात ती चांगल्या भावाने जाते. पण शिवणारीच्या हाती नगावर ठरलेले थोडे पैसे पडतात. कारकुनी करणारी आम्ही माणसे, म्हणून साधा हिशेब मांडतो. समजा, एका गोधडीला रोज ४ तास याप्रमाणे १५ दिवस लागले. म्हणजे ६० तास. ८ तासांचा एक दिवस धरला तर साडेसात दिवसांची मजुरी. दिवसाचे ४०० रुपये धरले तरी मजुरीच ३००० रुपये झाली. दोरा, अस्तर, गाडीभाडे वेगळे. आता आपल्या हाती किती आले ते प्रत्येक भगिनीने या आकड्याशेजारी मांडून पाहावे. तास लिहिले नाहीत तर मजुरी मागता येत नाही. म्हणून शिवायला बसताना वेळ आणि उठताना वेळ वहीत लिहा. वही मुलीला लिहू द्या, तिचा हिशेब पक्का होईल.

बचत गटांना आमच्या चार सूचना आहेत. पहिली, एकटीने भाव ठरवू नका, गटाने ठरवा. गोवर्धनच्या विणकरांची श्रेणी आठवा. दुसरी, प्रत्येक गावातल्या जाणत्या आजीचे टाके, तिचे शब्द, तिच्या युक्त्या एका वहीत उतरवा. आता घरोघरी मोबाइल आहे, तिचे हात चालताना चित्रण करून ठेवा. तिसरी, बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या वर्धापनदिनी तिथे मोठ्या संख्येने समाजबांधव येतात. पुस्तकांच्या शेजारी आपल्या गोधड्यांचे आणि भरतकामाचे एक टेबल लावा. तथागतांची किंवा बाबासाहेबांची प्रतिमा अंथरुणा-पांघरुणावर नको, ती भिंतीवर लावायच्या चित्रात भरा. गोधडीला पिंपळपान आणि धम्मचक्रही नको, फुले-पाने पुष्कळ आहेत.

चौथी सूचना सर्वांत सोपी. कार्ल्याच्या चैत्यगृहात मोठमोठ्या दानशूरांच्या नावांबरोबर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचेही नाव कोरलेले आहे. दरवाजाचे काम त्याने केले. दोन हजार वर्षे होत आली, राजे गेले, पण हाताने काम करणाऱ्याचे नाव दगडावर टिकून आहे. दुनहुआंगच्या टाक्यांना ते भाग्य लाभले नाही. म्हणून आमच्या भगिनींनो, गोधडी पुरी झाली की तिच्या एका कोपऱ्यात साखळी टाक्याने स्वतःचे नाव, गाव आणि साल घाला. विकत घेणाऱ्याला कळू दे की ही ऊब कोणाच्या हातची आहे.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलीच्या हातात सुई देताना तिच्या हातातले पुस्तक काढून घेऊ नका. आणि मुलालाही सुई द्या, कारण ती भिक्खूंच्या अष्टपरिक्खारात होती. स्वतःच्या सदऱ्याचे बटण लावायला ज्याला बहीण लागते, त्याने स्वावलंबनाचे भाषण करू नये!

जय भीम.